नंदन मेळा: दोन दिवसांसाठी शांतिनिकेतन गाठावं का?

शांतिनिकेतनला वर्षातून एकदाच जाणं जमणार असेल, तर होळीला जाऊ नका आणि पौष मेळ्यालाही नको. 1 आणि 2 डिसेंबरला जा. कलाभवन म्हणजे विश्वभारती विद्यापीठाचं कलाशिक्षणाचं भवन, त्याच्या आवारात या दोन दिवसांत नंदन मेळा भरतो. विश्वभारतीच्या वर्षभरातल्या उत्सवांमध्ये आकाराने हा लहान, पण चित्र, शिल्प, गाणं आणि खाणं हे सगळं शिकणाऱ्या मुलांच्याच हातचं असतं, असा दुसरा उत्सव तिथे नाही.

नाव कलाभवन घडवणारे चित्रकार नंदलाल बोस यांच्यावरून पडलं. त्यांचा जन्म 3 डिसेंबर 1882 चा, म्हणून मेळा त्याच्या आदल्या दोन दिवशी. सुरुवात 1973 ची. धारवाडचे दिनकर कौशिक तेव्हा कलाभवनचे प्राचार्य होते. आजारपण, अपघात किंवा घरची ओढाताण यामुळे अडलेल्या विद्यार्थ्याला मदत करता यावी म्हणून विद्यार्थी आणि शिक्षक यांनी आपापली कामं विकून निधी उभा करायचा, असा साधा हिशोब त्यामागे होता, आणि तो आजही आहे. म्हणून इथे गॅलरीसारखी घासाघीस करू नये. भाव आधीच पडता असतो आणि पैसे निधीत जातात. एकाच ठेल्यावर चार-पाच वस्तू घेतल्या तर मुलं स्वतःहून काहीतरी कमी करतात, तेवढं पुरे.

मांडणीकडे नीट पाहा. बांबू, सुतळी, गवताच्या पेंढ्या, चटया, मातीची मडकी, जुन्या साड्या, आणि जमिनीवर पांढऱ्या रंगाची आल्पना, म्हणजे बंगाली रांगोळी. मराठी माणसाला हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटेल, आणि त्याला कारण आहे. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. तिथल्या टिळकनगरची सजावट गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी केली होती, आसपास मिळणाऱ्या बांबू-गवतासारख्या साध्या वस्तू वापरून. जे हाताशी आहे त्यातून उभं करायचं आणि काम झालं की मोडून टाकायचं, ही त्यांची शिकवण मेळ्याच्या कमानींत अजून दिसते. यातला तोटाही सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळे ठेले लागलेले असतील असं धरून चालू नका. कुठे बांबू बांधणं चालू असतं, कुठे चित्रं अजून पेटीतच असतात. पहिला दिवस खरा सुरू होतो तो उन्हं कलल्यावर.

म्हणजे सकाळ मोकळी. ती भिंती पाहण्यात घालवा, कारण कलाभवनचं कायमचं प्रदर्शन उघड्यावरच आहे आणि अंधार पडला की त्यातलं निम्मं दिसत नाही. रामकिंकर बैज यांचं ‘संथाल कुटुंब’ (1938) आधी पाहा. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर सिमेंट आणि तिथल्याच लाल जांभ्या दगडाची खडी, असं थेट हाताने थापून केलेलं काम आहे. साच्यातून काढलेलं नाही, म्हणून पृष्ठभाग खरबरीत आहे. तो खरबरीतपणा सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतो. भर दुपारी वरून ऊन पडलं की आकृती सपाट वाटते. शेजारी त्यांचंच 1956 चं ‘कारखान्याचा भोंगा’ आहे. पहिल्यात माणसं संथ चालली आहेत, दुसऱ्यात पळत आहेत. दोन्ही शिल्पं लागोपाठ पाहिली की मधल्या अठरा वर्षांत बीरभूम जिल्ह्यातल्या संथाल आदिवासींचं काय झालं, ते पाटी न वाचता कळतं.

काळं घर, म्हणजे ‘कालो बाडी’, हे विद्यार्थ्यांचं जुनं वसतिगृह. मातीच्या भिंती, त्यांवर उठावाची चित्रं आणि वरून डांबराचा हात. 1930 च्या दशकाच्या मध्यात नंदलालबाबूंच्या देखरेखीखाली मुलांनी हे केलं. डांबर पावसाला अडवतं, पण कायमचं नाही. ते तडकलं की पाणी आत शिरतं, माती फुगते आणि उठाव सुटतो. म्हणून वेळोवेळी नवा हात द्यावा लागतो, आणि प्रत्येक हातागणिक चित्रांच्या कडा थोड्या बुजतात. भिंतीला हात लावू नका, टेकून फोटो तर नकोच.

बिनोदबिहारी मुखर्जी यांचं हिंदी भवनातलं मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र (1946-47) ज्याने पाहिलं नाही त्याने शांतिनिकेतन पाहिलं नाही, असं बेधडक म्हणता येईल. तीन भिंतींवर, ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं. ओल्या गिलाव्याचं गणित असं की चुना सुकेपर्यंतच रंग त्यात मुरतो, म्हणून रोज जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. चूक झाली तर खरवडून पुन्हा लावायचा. मुखर्जी यांची दृष्टी जन्मापासून अधू होती आणि 1957 मध्ये ती पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी 1972 मध्ये कलाभवनच्या भिंतीवर भाजलेल्या फरशांचं चित्र केलं. हिंदी भवन ही चालू वास्तू आहे, संग्रहालय नव्हे. आत वर्ग असेल तर थांबावं लागतं आणि विचारल्याशिवाय आत जायचं नाही. बुधवारी विश्वभारतीला सुट्टी असते, हेही तारखा ठरवताना पाहून घ्या. के. जी. सुब्रमण्यन यांचं काळंपांढरं भित्तिचित्र मात्र बाहेरच्या भिंतींवर आहे, ते केव्हाही दिसतं.

आता खरेदी. मेळ्यात सगळ्यात जास्त गर्दी मातीचे दागिने, कॅलेंडरं, भेटकार्डं आणि रंगवलेल्या किटल्यांपाशी असते. त्या वस्तू वाईट नसतात, पण घुबड, संथाल जोडपं आणि एकतारावाला बाउल (बंगालचा फिरता लोकगायक) यांची आवर्तनं मोजून कंटाळा येतो. पैसे राखून ठेवावेत छापाचित्रांसाठी. कलाभवनचा ग्राफिक विभाग सोमनाथ होर यांनी उभा केला आणि त्या हाताचं वळण अजून तिथल्या कामात आहे. चौकटीतल्या तैलचित्राच्या मानाने छापाचित्र स्वस्त पडतं, कारण एकाच ठशावरून दहा-पंधरा प्रती निघतात. तरीही प्रत्येक प्रत मूळ कामच असते.

छाप घेताना खालची कोरी पट्टी वाचायची. डावीकडे पेन्सिलीने 3/15 असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे पंधरा प्रतींमधली तिसरी. उजवीकडे सही आणि साल. ‘ए.पी.’ लिहिलेलं असेल तर ती कलावंताने स्वतःसाठी काढलेली प्रत. आकडा नसेल तर विचारा, किती काढल्या. एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून काढलेला छाप, असेल तर कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला लागतो. कागद तिरपा धरला की तो दिसतो. लाकडाच्या ठशात काळ्या भागात लाकडाचे रेषे दिसतात, लिनोत (लिनोलियमच्या ठशात) ते नसतात, तिथे काळं एकसारखं उतरतं. संगणकावरून काढलेली प्रत ओळखायची असेल तर फोनचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन मोठं करा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती संगणकाची प्रत. तीही विकायला काही हरकत नाही, फक्त भाव त्याच्या मानाने असावा.

इथे माणूस हमखास फसतो तो शाईच्या मुद्द्यावर. मेळा तोंडावर आला की मुलं रात्ररात्र छापत असतात. तेलाची शाई थंड आणि दमट हवेत सुकायला कित्येक दिवस घेते, आणि लाकूड किंवा लिनोच्या गडद काळ्या भागात तर त्याहून जास्त. कागद वरून सुकलेला वाटतो. पांढऱ्या टिश्यूचा कोपरा काळ्यावर अलगद टेकवून पाहा. डाग आला तर ते चित्र गुंडाळायचं नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवायचं, वर बटर पेपर. वर्तमानपत्र मुळीच नको, त्याची शाई चित्रावर उतरते. चित्र पूर्ण सुकलेलं असेल तर गुंडाळून पाइपमध्ये न्यायला हरकत नाही, पण पाइप निदान तीन-चार इंच व्यासाचा हवा. बारीक नळीत जाड कागदाला कायमची घडी पडते. अडीचशे-तीनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घरी आल्यावर दोन दिवस पुस्तकांखाली दाबून ठेवला की सरळ होतो.

फ्रेम करणाऱ्याला तीन गोष्टी सांगा. चित्राची कडा कापायची नाही, मागे सेलोटेप लावायची नाही, आणि काच चित्राला टेकवायची नाही. मधे माउंटबोर्डाची (जाड पुठ्ठ्याची) चौकट घालून काही मिलिमीटर जागा सोडायची. मुंबईत आणि कोकणात चौथी गोष्ट: पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगायचं नाही. काचेला टेकलेल्या कागदावर जुलैत बुरशी धरते आणि ती पुसून जात नाही.

मातीकामात दोन जाती. तांबूस टेराकोटा साधारण हजार अंशांच्या आत भाजलेला असतो. तो सच्छिद्र राहतो, पाणी झिरपतं, टेबलावर गोल डाग पडतो. फुलदाणी म्हणून घेतलीत तर सुकी फुलंच ठेवा. स्टोनवेअर बाराशे अंशांच्या आसपास भाजलेलं, जड आणि घट्ट असतं. कप किंवा वाडगं घेताना तळहातावर ठेवून बोटाच्या नखाने टिचकी मारा. स्वच्छ टणत्कार आला तर ठीक, बसका आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, बहुधा कानाच्या जोडापाशी. आतल्या झिलईत केसासारख्या रेषांचं जाळं असेल तर दिसायला छान, पण चहाचा रंग त्यात बसतो आणि निघत नाही. आणि सरळ विचारा: यात खायचं-प्यायचं चालेल का? झिलईत काय घातलंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि इथे बनवणारा समोर उभा असतो, हीच या मेळ्याची खरी सोय.

बाटिक शांतिनिकेतनात 1927 च्या जावा प्रवासानंतर रुजलं. टागोरांबरोबर त्या प्रवासात सुरेंद्रनाथ कर होते. मेण लावलेला भाग रंग घेत नाही, बाकीचा घेतो, एवढंच तत्त्व. रंग थंडच असावा लागतो, नाहीतर मेण वितळतं. खरं बाटिक दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखं दिसतं. मागची बाजू फिकी असेल तर तो छापील कपडा. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून रंग उतरतो का ते पाहा. कापड हाताला ताठ आणि किंचित मेणचट लागलं तर मेण पूर्ण काढलेलं नाही. घरी दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून इस्त्री फिरवली की उरलेलं निघतं. सोनाझुरीच्या बाजारातही बाटिक आणि उठावाच्या चामडी पिशव्या ढिगाने मिळतात. त्या घ्यायच्या तर खुशाल घ्या, पण तिथे विकणारा आणि बनवणारा एकच असेल असं नाही, आणि भावही करावा लागतो.

संध्याकाळी कान उघडे ठेवा. बाउल गायक येतात आणि आवारात कुठेही बसतात. एकतारा सगळ्यांना माहीत असतो. खमक पाहून घ्या: लहान ढोलकीच्या कातड्यातून ओवलेली तार, ढोलकी काखेत दाबलेली, तारेचं दुसरं टोक मुठीत. मूठ ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. म्हणजे सूर आणि ताल एकाच वाद्यात. कमरेला डुग्गी, म्हणजे लहान डग्गा, पायात घुंगरू. रात्री दव पडलं की डुग्गीचं कातडं सैल होऊन आवाज बसतो, म्हणून मधेच कुणी ती शेकोटीपाशी धरतो. ती विश्रांती नव्हे, ती वाद्य सुरात लावण्याची पद्धत आहे. ध्वनिक्षेपक जवळ असलेल्या जागा टाळा. बाउलाचं गाणं पाच-सहा हातांवरून ऐकायचं असतं.

मुलांची गाणी, नाटुकली, मुखवटे घालून नाच हेही चालू असतं. दर्जा वरखाली होतो, आणि ते कबूल करायला हवं. बसवलेली, पक्की नृत्यनाट्यं पाहायची असतील तर ती संगीतभवनची, म्हणजे विश्वभारतीच्या संगीत-नृत्य शिकवणाऱ्या भवनाची, आणि ती मेळ्यात नव्हे, ऋतूंच्या उत्सवांत. तिथलं नृत्य मणिपुरी, कथकली आणि इतर वळणं मिसळून झालेलं आहे. साथीला एसराज, हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, असतो. टागोरांना हार्मोनियम रुचत नसे, कारण तिच्या ठरलेल्या पट्ट्यांत मींड बसत नाही. आपल्याकडे नाट्यसंगीत पेटीशिवाय सुचत नाही, त्या कानाला पहिली दहा मिनिटं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग आवाजातली ओढ ऐकू यायला लागते.

बाकीच्या वर्षाचं थोडक्यात. 22 श्रावण, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेर टागोरांचा स्मृतिदिन. त्या दिवशी वृक्षारोपण, आणि दुसऱ्या दिवशी श्रीनिकेतनला, म्हणजे विश्वभारतीच्या जवळच्या ग्रामविकास केंद्रात, हलकर्षण, नांगरणीचा उत्सव. सजवलेले बैल, आल्पनेच्या जमिनीवर नांगराची पहिली रेघ. पोळा-बेंदूर पाहिलेल्यांना बैल नवे नाहीत, पण इथे बैलाला सुट्टी नसते, काम असतं, हा फरक मजेचा आहे. श्रीनिकेतनच्या भिंतीवर नंदलालबाबूंनी याच उत्सवाचं चित्र रंगवलं आहे, तेही पाहा. गर्दी कमी, चिखल भरपूर. छत्री आणि जुन्या चपला. महालयेला गौर प्रांगणात मुलांचा आनंदबाजार भरतो. तो एका संध्याकाळचा आणि मुख्यतः खाण्याचा. त्यासाठी मुद्दाम जाऊ नये. 7 पौष, म्हणजे 23 डिसेंबरच्या आसपास, पौष मेळा. 1894 पासूनचा आणि फार मोठा. ब्लँकेटं, भांडी, पाळणे यांमध्ये कला शोधावी लागते. पहाटेची उपासना आणि वैतालिक, म्हणजे गाणी म्हणत फिरणारी प्रभातफेरी, मात्र चुकवू नये. 6 फेब्रुवारीला श्रीनिकेतनचा माघ मेळा, शेती आणि हस्तकला यांचा. भाजीपाल्याची स्पर्धा आवडणाऱ्यांना उत्तम. राहिला वसंतोत्सव. 1907 मध्ये टागोरांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने सुरू केलेला हा ऋतूत्सव पुढे इतका फुगला की आवाराला पेलेना. 2020 पासून विद्यापीठ तो बाहेरच्या गर्दीशिवाय, घरच्या घरी करत आलं आहे. होळीच्या सुट्टीत हॉटेलवाले चढे दर लावतात आणि पाहुणे फाटकाबाहेर उभे राहतात. म्हणूनच पहिल्या ओळीत होळीला नको म्हटलं.

जाण्याचं. महाराष्ट्रातून आधी हावडा. मुंबईहून नागपूरमार्गे जाणारी गीतांजली एक्सप्रेस नावालाही शोभते. हावड्याहून बोलपूर-शांतिनिकेतन स्टेशन साधारण दीडशे किलोमीटर, गाडीने अडीच-तीन तास. शांतिनिकेतन एक्सप्रेस सकाळी निघते आणि दुपारी पोचवते, ती सोयीची. अंडाळचा विमानतळ रस्त्याने दीड-दोन तासांवर. स्टेशनाबाहेर टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा. कलाभवन तीनेक किलोमीटर. चढण्याआधी दर ठरवा आणि ‘माणशी की पूर्ण गाडीचा’ हेही ठरवा, भांडणं तिथेच होतात. राहण्याची सोय नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच करावी. बोलपूरमधल्या खोल्या स्वस्त, पण रात्री उशिरा परतताना टोटो मिळत नाही. पूर्वपल्ली, श्यामबाटी भागातल्या घरगुती खोल्या चालत जाण्याच्या अंतरावर.

रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि बसायला जमीनच असते. शाल, मोजे आणि एक सतरंजी सोबत असावी. फिकट कपड्यांवर तिथली लाल धूळ बसली की एका धुण्यात निघत नाही. रोख पैसे आणा, तेही सुटे. गर्दीत नेटवर्क रडतं आणि फोनवरचं पेमेंट अडकून राहतं. जेवण मुलांच्याच ठेल्यांवर होतं, पण रात्री नऊनंतर जे उरेल ते. स्वच्छतागृहं मोजकी आहेत, दिवसाउजेडी जागा पाहून ठेवा.

वेळेचं गणित असं बसवा: पहिल्या दिवशी सकाळी भिंती, संध्याकाळी नुसतं फिरणं आणि आवडलेल्या छापांची प्रत राखून ठेवायला सांगणं. चांगली छापाचित्रं पहिल्याच रात्री जातात, म्हणून ‘उद्या पाहू’ म्हणायचं नाही. मातीकाम आणि लहानसहान वस्तू मात्र दुसऱ्या दिवशी रात्री घ्याव्यात, तेव्हा मुलांना परत ओढून न्यायचं नसतं आणि भाव उतरतो. तसं घेतलंत तर बांधणीचं सामान आपल्याकडेच हवं, कारण तोपर्यंत ठेल्यावरचा कागद आणि सुतळी संपलेली असते. मांडवाचं गवत मोडायला निघालेलं असतंच, त्यातलं मूठभर मागून कपात कोंबा, कपाच्या कानाभोवती गुंडाळा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात कप आडवे नव्हे, उभे ठेवा. गाडीच्या हिसक्याला कान तसे टिकतात.